नाणेघाटाचा रांजण

आमच्या जुन्नरास पाहुणा आला म्हणजे त्यास शिवनेरी दाखविणें हा येथील घरोघरचा रिवाज आहे. आणि पाहुण्याच्या पायांत बळ असलें तर आम्ही त्यास नाणेघाटही दाखवितों. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कोंकणांतून माल घेऊन वर येणारे व्यापारी या रांजणांत जकातीचें नाणें टाकीत आणि मग जुन्नर-पैठणच्या वाटेस लागत, असें परंपरेनें सांगतात. जवळच्याच लेण्यांत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लिपींतील लेख असून त्यांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या दक्षिणांची लांबलचक यादी आहे. शाळेंत असतां दरवर्षीं आम्ही मुलांची सहल तेथें नेत असूं. रांजणापाशीं मुलांस उभें करून आमचा एक ठरलेला प्रश्न असे: व्यापारी नाणें कां टाकीत? मुलें एकमुखानें म्हणत, "राजाचे शिपाई असत म्हणून!" आम्ही "शाबास" म्हणत असूं आणि डबे उघडण्यास परवानगी देत असूं. छत्तीस वर्षें आम्हीं हें उत्तर बरोबर धरिलें. तें अर्धेंच बरोबर होतें, हें गेल्या दिवाळींत आमच्या नातवानें आम्हांस शिकविलें. आणि तेंही अशा एका विषयाच्या निमित्तानें, कीं ज्याचें नांव आमच्या पिढीच्या घरांत केवळ मुलांस रागावतांनाच निघतें. तो विषय म्हणजे व्हिडिओ गेम.

आमचें घर जुन्या वळणाचें आहे. आम्ही, आमचे धाकटे बंधू, दोघांचे मुलगे-सुना, नातवंडें आणि सणावारीं माहेरीं येणारी मंचरची कन्या, अशीं पंधरा-सोळा माणसें दिवाळीस एका पंक्तीस असतात. थोरल्या चिरंजीवांचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकीची पदवी घेऊन हिंजवडीस नोकरीस लागला होता. पाडव्याच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें हळूच सांगितलें कीं, ती नोकरी त्यानें श्रावणांतच सोडिली असून दोन मित्रांसह तो एक खेळ रचीत आहे. ही बातमी मंचरच्या आत्यास तेवढी ठाऊक होती. पुढची घटकाभर घरांत कोणी कोणाचें ऐकत नव्हतें. आमचे बंधू तर ताडकन् उठून ओसरीवर जाऊन बसले. गलबला शमल्यावर नातवानें दुसरी गोष्ट सांगितली. खेळ पुरा करून एका प्रसिद्ध यंत्रावर बसविण्यासाठीं त्यास चार लाख रुपये हवे होते व ते घरांतून उसने मिळावे अशी त्याची इच्छा होती. घरांत तेवढी मोकळी रक्कम एकच होती: सौ.च्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं बँकेंत ठेविलेली.

खेळाचा विषय मात्र आमच्या मातींतला निघाला. उंसाला पाणी देण्याची विजेची पाळी रात्रींची आहे, बाप विहिरीवर आहे, आणि दहा वर्षांची मुलगी त्याच्यासाठीं डबा घेऊन बांधाबांधानें निघाली आहे. उंसांत बिबट्या आहे. त्यास मारावयाचें नाहीं. त्याच्यापासून निभावून जावयाचें. विजेरी कोठें फिरवावी, डबा केव्हां वाजवावा, आणि कांहीं झालें तरी खालीं वांकून बसूं नये, हें सारें आमच्या जुन्नर-आंबेगांव तालुक्यांतील मुलांस जें घरीं शिकवितात तेंच त्यांत आहे. हें ऐकल्यावर ओसरीवरून बंधूंचा आवाज आला, "मग त्यांत कुत्रें हवें." कुत्रें घालण्यांत आलें.

आतां ज्या यंत्रावर हा खेळ चढवावयाचा, त्यास कन्सोल म्हणतात. दूरदर्शनच्या पडद्यास जोडावयाची, केवळ खेळांसाठींच घडविलेली ही संगणकाची पेटी. सोनीचें प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स व निन्टेंडोचें स्विच हीं त्यांतील सध्यांचीं मोठीं घराणीं. पैकीं स्विच हातांत धरूनही खेळतां येतें. पेटी करणारी कंपनी स्वतःचेही खेळ करते. परंतु एकट्या यजमानाच्या स्वयंपाकानें एवढी पंगत उठत नाहीं, म्हणून बहुतेक खेळ बाहेरचे लोक रचितात. असा खेळ त्या यंत्राच्या दुकानांतून विकला गेला म्हणजे किमतीचा सुमारें ३० टक्के भाग यंत्रवाल्याकडे राहतो. हाच तो रांजण.

आम्हीं लगेच आमचा निकाल दिला. "जें यंत्र सर्वांत अधिक खपलें असेल त्यावर खेळ बसवावा. यांत विचार तो कसला?"

नातू हंसला. "आजोबा, गर्दी यंत्राची असते. ती आपली असतेच असें नाहीं."

हें वाक्य आम्हांस तेव्हां नीटसें उमगलें नाहीं. गुढीपाडव्यापर्यंत विचार करूं, असें सांगून आम्हीं प्रश्न पुढें ढकलला, आणि मधल्या पांच महिन्यांत त्याच्याकडून या धंद्याचा इतिहास समजावून घेतला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं नातवापुढें वही घेऊन बसण्यांत एक निराळेंच सुख आहे.

या धंद्यांत बाहेरच्यांचा प्रवेशच मुळीं भांडणांतून झाला. अमेरिकेंत अटारी नांवाच्या कंपनीचें खेळयंत्र १९७७ सालीं निघालें. त्यावरील खेळ कंपनीचेच नोकर रचीत. परंतु पेटीवर रचणाऱ्याचें नांव नसे आणि नफ्यांत वांटाही नसे. १९७९ सालीं चौघे जण नोकरी सोडून बाहेर पडले व त्यांनीं अॅक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी काढिली. अटारीनें त्यांस न्यायालयांत खेंचिलें. १९८२ मध्यें तडजोड झाली आणि ठराविक मोबदला भरून बाहेरच्यानेंही खेळ करावा, अशी वाट पडली. मग काय, हौशे-गवशे सारेच घुसले. दुकानें टाकाऊ खेळांनीं भरलीं, गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला आणि १९८३ सालीं अमेरिकेंतला हा बाजार कोसळला. दोष केवळ बाहेरच्यांचाच होता असें मात्र नव्हे. अटारीनें स्वतः घाईघाईनें काढिलेल्या एका खेळाच्या न खपलेल्या प्रती न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांतील अॅलमोगोर्डो गांवीं इतर मालाबरोबर पुरून टाकण्यांत आल्या होत्या. २०१४ मध्यें त्या उकरून काढिल्या. जमिनींत पुरलेलें नाणें उकरून इतिहास सांगणारे आम्ही. परंतु पुरलेला खेळ उकरावा लागतो हें आम्हांस नवीनच.

या पडझडींतून जपानच्या निन्टेंडोनें धडा घेतला. १९८५ सालीं अमेरिकेंत यंत्र आणतांना तिनें त्यांत एक कुलूपच घातलें: कंपनीची खूण असलेली चकती खेळाच्या डबींत नसेल तर यंत्र तो खेळ चालूंच देईना. बाहेरच्यांवरील अटी कडक होत्या. वर्षांत पांचाहून अधिक खेळ काढावयाचे नाहींत. काढलेला खेळ दोन वर्षें दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचा नाहीं. डब्या निन्टेंडोच घडविणार, आणि त्यांची मागणी आगाऊ पैसे भरून नोंदवावयाची. कोनामी नांवाच्या कंपनीनें तर पांचांची मर्यादा टाळण्यासाठीं दुसऱ्या नांवानें एक शाखाच उघडली. एकत्र कुटुंबांत शिधापत्रिका वेगळी करून घेणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांतलीच ही युक्ति. अशा अटी लोकांनीं मान्य केल्या, कारण गर्दी त्या एकाच दाराशीं होती.

पुढें दुसरें दार उघडलें. सोनीनें १९९४ सालीं जपानांत प्लेस्टेशन काढिलें. त्याचे खेळ तबकडीवर येत. तबकडी स्वस्त, लवकर छापून मिळणारी, आणि तिच्यांत सामावणारा मजकूर डबीच्या कितीतरी पट. निन्टेंडोनें मात्र पुढच्याही यंत्रांत डबीच ठेविली. स्क्वेअर ही कंपनी निन्टेंडोची जुनी सोबतीण. तिची फायनल फँटसी ही गाजलेली मालिका निन्टेंडोवरच वाढली होती. तिचा सातवा भाग १९९७ सालीं निघाला तो प्लेस्टेशनवर, तीन तबकड्या भरून. एवढा पसारा डबींत मावणें शक्य नव्हतें. येथें आमच्या लक्षांत रांजण आला. राजाचे शिपाई असतात हें खरें. पण व्यापारी जकात देतो तो शिपायांच्या भयानें तेवढा नव्हे. त्या वाटेनें माल सुखरूप वर चढतो आणि वर त्याचें गिऱ्हाईक आहे, म्हणून देतो. उद्यां शेजारचा माळशेज सोपा झाला, तर रांजणाशीं शिपाई उभेच राहतील आणि बैल दुसरीकडून जातील.

येथें थोडें स्वतःविषयीं सांगणें प्राप्त आहे. आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या अगदीं शेवटल्या तुकड्यांपैकीं एका तुकडींतले. संस्कृत शिकलों तें मात्र घरीं, वडिलांपाशीं. १९९८ सालीं आम्हीं विभक्तींवर मुलांसाठीं एक छोटें पुस्तक लिहून स्वखर्चानें हजार प्रती छापविल्या. पुण्याच्या एका नामांकित पुस्तक-विक्रेत्यानें त्या ठेवून घेतल्या. चाळीस टक्के अडत, आणि न खपलेल्या प्रती परत. दुकानांत गर्दी एवढी, कीं आम्ही मनांत दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना रचूं लागलों. वर्षानें पाहतों तों दर्शनीं फळीवर त्या विक्रेत्यानें स्वतःच प्रसिद्ध केलेलें व्याकरणाचें मार्गदर्शक मांडलेलें. आमचें पुस्तक खालीं, जिन्याच्या अंधारांत. तीन वर्षांनीं सहाशें बारा प्रती एस.टी.च्या टपावरून जुन्नरास परत आल्या. कांहींस वाळवी लागलेली होती. विकलेल्यांचा हिशेब आजतागायत आलेला नाहीं. त्या प्रतींवर आमच्या घरीं कित्येक वर्षें पापड वाळत आले आहेत, आणि सौ. अजूनही माळ्यावर चढणाऱ्या मुलांस सांगते, "आजोबांच्या दुसऱ्या आवृत्तीवर पाय देऊं नका."

म्हणून नातवानें जेव्हां वी नांवाच्या यंत्राची गोष्ट सांगितली, तेव्हां ती आम्हांस एकदम आंतून कळली. निन्टेंडोचें हें यंत्र २००६ सालीं निघालें आणि १० कोटींहून अधिक खपलें. हातांतली दांडी हलवून चेंडू टोलवावयाचा. आजी-आजोबाही खेळूं लागले. एवढ्या गर्दीवर बाहेरचे लोक तुटून पडावयास हवे होते. पुष्कळ आलेही, पण ज्यांचे खेळ मोठे, खर्चिक, ते बहुतेक दूर राहिले. कारण एक असें, कीं या यंत्राची शक्ति प्रतिस्पर्ध्यांच्या मानानें बरीच कमी होती. एकच खेळ प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व संगणक या तिन्हींवर थोड्या फरकानें बसे. वीसाठीं मात्र तो बहुतांशीं नव्यानें रचावा लागे. दुसरें कारण आमच्या जिन्याखालच्या फळीचें. लोक तें यंत्र घेत ते निन्टेंडोच्याच खेळांसाठीं. ते घरीं आले कीं पुष्कळांची भूक तेथेंच भागे. पुढचें वी यू हें २०१२ मधलें यंत्र जेमतेम १ कोटी ३५ लाख खपलें, आणि मग बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनीं त्याकडे जवळजवळ पाठच फिरविली.

व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर आम्ही आजवर या यंत्रास अधिकरण, म्हणजे जेथें क्रिया घडते तें स्थान, समजत होतों. तें अधिकरण आहेच. पण तें कर्ताही आहे. जागा देतें, जकात घेतें, परीक्षा करितें, आणि शिवाय त्याच जागेवर स्वतःचा माल मांडून बसतें.

फाल्गुनाच्या अखेरीस कांहीं कामानिमित्त आम्ही नारायणगांवास गेलों होतों. पाडव्याच्या सुमारास तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पुढारी आपल्या यात्रेची सुपारी देण्यास येतात. तमाशाचें नांव आमच्या घरीं मोठ्यानें घेण्याची पद्धत नव्हती. तथापि विठाबाई नारायणगांवकरांचें नांव ऐकलें नाहीं असा मनुष्य या तालुक्यांत मिळावयाचा नाहीं. एका राहुटींत बसलेला व्यवस्थापक आमचा जुना विद्यार्थी निघाला. "गुरुजी, आपण इकडे कुठं?" म्हणून त्यानें खुर्ची दिली, चहा मागविला. समोर एका गांवचे लोक बसले होते. त्यांची यात्रा मोठी, बैलगाडा शर्यतीची. पन्नास हजार माणूस जमतें असें ते सांगत होते. आमचा विद्यार्थी मान हलवीत ऐकत होता, पण सुपारी घेईना. ते उठून गेल्यावर आम्हीं कारण विचारिलें.

तो म्हणाला, "गुरुजी, तिथं माणूस येतं ते गाड्यासाठी. घाटात बारी संपली की संध्याकाळी रस्ता धरतं. रात्री माझ्या कनातीत गावचीच चार डोकी. शिवाय वीज त्यांच्या भरवशावर, आणि स्टेज कुठं लावायचं ते शेवटच्या दिवशी सांगणार. त्यापेक्षा घोडेगावच्या वरच्या अंगाचं लहान गाव बरं. पाचशे माणूस, पण पाचशेच्या पाचशे तमाशालाच बसतंय."

आम्ही परत येतांना एस.टी.त बसून नातवास दूरध्वनि केला व सांगितलें, "गर्दी यंत्राची असते, आपली नव्हे, हें तुझें वाक्य आज आम्हांस राहुटींत कळलें." तिकडून बराच वेळ कांहीं आवाज आला नाहीं. आम्ही राहुटींत काय करीत होतों, हें त्याला प्रथम समजावून द्यावें लागलें.

पण प्रत्येक वेळीं गर्दी परकीच असते असेंही नाहीं, आणि याचें उदाहरण पुण्याचेंच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या मंडळीनें राजी नांवाचा खेळ रचिला. राजी ही एक मुलगी. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावास ती शोधीत निघते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णु आपसांत बोलत सांगतात. २०१७ सालीं या मंडळीनें जगभरच्या लोकांकडून वर्गणी मागून पाहिली; ठरविलेली रक्कम जमली नाहीं. तरी काम सोडिलें नाहीं. १८ ऑगस्ट २०२० रोजीं निन्टेंडोनें छोट्या खेळकर्त्यांविषयींच्या आपल्या प्रक्षेपणांत या खेळाचें नांव घेतलें, आणि त्याच दिवशीं तो प्रथम स्विचवर विक्रीस आला. इतर यंत्रांवर तो १५ ऑक्टोबरास गेला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्यें उत्कृष्ट पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नांव निवडलेल्या पांचांत होतें.

गंमत अशी, कीं ज्या यंत्रावर हा पुणेरी खेळ प्रथम आला, तें त्या वेळीं हिंदुस्थानांत कंपनीमार्फत अधिकृतपणें विकलेंही जात नव्हतें. मग तेंच कां? एक तर या यंत्राच्या बाबतींत निन्टेंडो बरीच शहाणी झाली होती. अनरियल आणि युनिटी हीं खेळ रचण्याचीं जीं सर्वत्र चालणारीं साधनें, तीं स्विचवर प्रथमपासून चालत. आणि राजी तर अनरियलवरच रचलेला. म्हणजे वीच्या वेळचें नव्यानें रचण्याचें ओझें पुष्कळ हलकें झालें. दुसरें, यजमानानें स्वतः उठून पाहुण्याचें नांव पुकारलें. हजारों खेळांच्या ढिगांत अनोळखी मनुष्यास याहून मोठा लाभ कोणता? आमचें पुस्तक त्या विक्रेत्यानें एक महिना दर्शनीं फळीवर ठेविलें असतें, तर चाळीसाऐवजीं पन्नास टक्के अडतही आम्हीं आनंदानें दिली असती.

उलट पुण्याच्याच सुपरगेमिंगनें इंडस हा आपला मोठा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रथम दूरध्वनि-यंत्रांवर काढिला. तेंही बरोबरच. आपल्याकडील गिऱ्हाईक खिशांतल्या फोनवर खेळतें. कन्सोल येथें अजून थोडक्यांच्याच घरीं. पूर्वीं एकदां सोनीचें दुसरें प्लेस्टेशन आपल्याकडे बरेंच पसरलें होतें, तेव्हां येथील लोकांनीं त्यावरही हात चालविला: हैदराबादेहून २००९ सालीं हनुमानाचा खेळ आला, मुंबईच्या ट्राइनचा रा.वन हा २०११ सालीं. देवास कळ दाबून नाचवावें काय, असा आक्षेप हनुमानाच्या खेळावर कांहींनीं घेतला होता. आमच्या मतें कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांत देव पिढ्यान्पिढ्या नाचत आले आहेत, आणि त्यांनीं कधीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. अलीकडे २०२३ सालीं सोनीनें इंडिया हीरो प्रोजेक्ट काढून येथील निवडक खेळकर्त्यांस साह्य देऊं केलें. शिपाई उभे करण्यापेक्षां घाटाची पायरी दुरुस्त करणें फायद्याचें, हें यंत्रवाल्यांनाही कळूं लागलें आहे.

गुढीपाडव्यास पुन्हा सारीं माणसें जमलीं. नातवानें कागद मांडिले: संगणकाच्या स्टीम या दुकानांत खेळ ठेवण्यास शंभर डॉलर भरले कीं जागा मिळते, पण त्या दुकानांत रोज इतके खेळ येतात कीं नवा खेळ वाळूंत पाणी जिरावें तसा जिरतो. कन्सोलवर जावयाचें तर अर्ज, नोंदणी, गुप्ततेचे करार, खास यंत्रसामग्री, आणि शेवटीं यंत्रवाल्याची कडक तपासणी. खेळतां खेळतां हातांतलें नियंत्रक तुटलें, तर खेळ जागच्या जागीं थांबला पाहिजे. नाहीं थांबला तर नापास. या अटीचें आम्हांस मनापासून कौतुक वाटलें. मुलगी बांधावर असतां कोणाच्या हातून दांडी निसटली, तर बिबट्यानेंही थांबावें हें न्यायाचेंच आहे.

बंधूंचें मत सरळ होतें: पैसे देऊं नयेत, पोरानें परत नोकरी धरावी. थोरले चिरंजीव गप्प होते. बापास अशा वेळीं गप्प बसण्यावांचून गति नसते. मग सौ. बोलली. इतका वेळ ती गुडघ्यास तेल चोळीत ऐकत होती.

"अरे, तें यंत्रच उद्यां बंद पडलें, तर तुझा खेळ कुठें जाईल?"

नातू चपापला. पांच महिन्यांत आम्हांस हा प्रश्न सुचला नव्हता. त्यानें कबूल केलें कीं वी यूचें दुकान निन्टेंडोनें मार्च २०२३ मध्यें कायमचें बंद केलें. केवळ त्या दुकानावर असलेले खेळ त्यानंतर नव्यानें विकत मिळेनासे झाले. संगणकावरचा खेळ मात्र यंत्र बदललें तरी बहुधा चालत राहतो.

"मग आधीं जें आपल्या हातांत राहील तें कर," सौ. म्हणाली. "दोन लाख आत्तां घे. तुमच्या त्या मोठ्या घरचं बोलावणं आलं, तर उरलेले दोन. एक गुडघा वाट पाहील."

"आजी, दोन्ही गुडघे आधीं," असें तो म्हणाला खरा. पण तिच्यापुढें आमचेंच कधीं चाललें नाहीं, त्याचें काय चालणार? बंधू पुन्हा ओसरीवर जाऊन बसले. दोन दिवस ते नातवाशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं त्यास बोलावून विचारिलें कीं, खेळांतलें कुत्रें बिबट्याच्या वासानें आधीं भुंकतें कीं आधीं शेपूट घालतें; आणि त्यांच्या लहानपणीं ओतूरच्या मळ्यावर असलेल्या कुत्र्याची हकीकत तासभर सांगितली.

वैशाखांत सौ.च्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ज्येष्ठांत खेळ संगणकाच्या दुकानांत लागला. कन्सोलचा अर्जही गेला आहे. उत्तर अद्याप नाहीं. नातू दिवसांतून दोनदां पत्रपेटी उघडून पाहतो, तीही फोनवर. आम्ही मात्र रोज रात्रीं अर्धा तास त्या उंसांतून डबा पोंचविण्याचा प्रयत्न करितों. विहीर अजून दिसलेली नाहीं. काल दुसऱ्या बांधावर विजेरी उलटी धरली गेली आणि बिबट्यानें आम्हांस गांठलें. सौ. पलंगावरून पाय लांब करून पाहत होती. म्हणाली, "तुम्ही वांकलांत. वांकूं नका म्हणून पोरगी किती वेळां सांगते आहे."